कांद्याची बाठी

चंदाला सरळ गाण्यानं झोप येत नसे. देवाचं गाणं म्हटलं की ती टक्क डोळे उघडून ऐकत राही, अंगाई म्हटली की पाळण्याच्या कडा धरून उठून बसे, आणि सिनेमातलं विरहाचं गाणं म्हटलं तर आईच्या वरताण सूर लावी. पण त्याच विरहाच्या गाण्यात चंद्राच्या जागी रेशनची साखर घातली, साजणाच्या जागी नळाचं पाणी घातलं, की पोर दुसऱ्या कडव्याला गाढ. असं का, ते तिच्या आईला, त्रिशलेला, कधी कळलं नाही. वडलांचं, म्हणजे धन्यकुमारांचं, म्हणणं असं की मूल संसारी वळणाचं आहे. साखर कुठं अडली ते कळलं की त्याला निश्चिंत वाटतं. ते स्वतः साताऱ्याला शाळाखात्याच्या कचेरीत कारकून होते, आणि कुठलीही गोष्ट योग्य मार्गानं, शिक्क्यानिशी आली की त्यांनाही अशीच झोप येई.

तेव्हा पुढं जे जे झालं त्याचा दोष कुणाला द्यायचाच तर चंदाला द्यावा लागेल, आणि ती तर अजून बोलायलाही लागली नव्हती.

चाळीत भिंतीपलीकडं राहीबाई राहत. त्यांचे यजमान कृष्णातराव पलटणीत नाईक. लढाई संपून वर्ष होत आलं तरी ते सुटून आले नव्हते. आज येतील, उद्या येतील, असं चाललं होतं. त्रिशला जैनाघरची. तिच्या माहेरी आणि सांगलीच्या सासरीही कांदा, लसूण, बटाटा या वस्तू बाजारातल्या बाजारातच राहत, उंबरा ओलांडून आत येत नसत. हे राहीबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्रिशलेचं बिऱ्हाड आलं त्याच दिवसापासून त्या मागच्या दारी भिंतीकडं तोंड करून कांदा चिरायला बसत, आणि सालपटं ओच्यात गोळा करून पार ओढ्यापर्यंत टाकून येत. चाळीतल्या बाकीच्या बायका याला सोवळ्याचं खूळ म्हणत. राहीबाई म्हणत, शेजाऱ्याच्या नाकाचा मान आपणच ठेवायचा असतो.

संध्याकाळी भिंतीपलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला की त्रिशला विचारी, काय झालं हो? "कांदा हाय वैनी, कांदा," असं उत्तर येई. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की ज्या दिवशी पोस्टमन चाळीवरून सरळ पुढं निघून जातो त्या दिवशी राहीबाईंकडं पिठलं असो की नुसती आमटी, कांदा मात्र चिरला जातोच. त्या वर्षी घरोघरी एका विरहिणीचं गाणं गाजत होतं. चांदण्यात बसून ती रात्रभर रडते असं. त्रिशलेनं तेच गाणं उचललं, विरहिणीला विळीपुढं बसवलं, आणि पाळण्याची दोरी ओढता ओढता भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं:

एक साल काढिता दुसरी ग दिसे,
रडता रडता मी मलाच हसे;
आसवांनी भिजली विळी नि पाटी,
तेव्हा कुठं हाती आली ग बाठी.

आता ही बाठी कुठून आली? तर तिनं विचार केला होता. आंब्यात बाठी असते, फणसात आठळी असते, चिंचेत चिंचोका असतो. देवानं ज्या वस्तूला इतकी आवरणं घातली, एकावर एक, एकावर एक, तिच्यात त्यानं काहीतरी नक्कीच जपून ठेवलं असणार. कांदा तिनं पाहिला होता, नाही असं नाही. पण बाजारात, पोत्यात, वरून. आतला कांदा कुणी दाखवलाच नव्हता.

भिंतीपलीकडं राहीबाई हसून हसून आडव्या झाल्या. त्रिशलेला आपल्या यमकाचा अभिमान वाटला. आणि राहीबाईंनी तरी काय सांगावं? जी पोर आपल्याला रडतीची हसती करते, तिच्यापुढं कांदा फोडून दाखवायला जाणं त्यांच्या जिवावर आलं.

हे गाणं चाळीतून बाहेर नेलं ते हंबीररावांनी. हे पलटणीच्या बँडमधले निवृत्त हवालदार. चाळीच्या तोंडाशी त्यांचं फोनो दुरुस्तीचं दुकान होतं, आणि पलटणीतून येताना त्यांनी एक क्लॅरिनेट व इंग्रजी हुकूम द्यायची सवय एवढं बरोबर आणलं होतं. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीची माणसं त्यांच्या ओळखीची होती. त्रिशलेच्या गाण्यांचा एक आख्खा अल्बम काढायचा, तीन तबकड्या, सहा बाजू, पुठ्ठ्याच्या पुस्तकात घातलेल्या, असं त्यांनी धन्यकुमारांना दुकानातल्या बाकावर बसवून सांगितलं. धन्यकुमार घरी आले ते घाम पुसतच.

मग चाळ सल्ला द्यायला बसली. पहिल्या खोलीचं म्हणणं, बाईनं रेकॉर्ड काढली की तिचा आवाज परक्या घरांत जातो, आणि एकदा गेलेला आवाज परत येत नाही. दुसरीचं म्हणणं, गायचंच तर देवाचं गावं. तिसरीला सल्ला नव्हता, पण आपल्या मेहुण्यालाही तबला येतो एवढं तिनं तीनदा सांगितलं. धन्यकुमारांनी सरकारी नोकराच्या धर्माला जागून कचेरीत अर्ज केला, की पत्नीस गाणे म्हणण्यास हरकत नसावी. वरून विचारणा आली की गाणे राजकीय आहे काय. नाही म्हणून कळवलं. पुन्हा विचारणा आली की राजकीय नसल्यास कोणत्या प्रकारचे आहे. 'कांदाविषयक' असं लिहायला त्यांचा हात धजेना. शेवटी 'गृहोपयोगी' असं लिहिलं, आणि परवानगी आली.

कंपनीची माणसं यंत्र घेऊन साताऱ्याला आली. भुसाराच्या रिकाम्या वखारीत गोधड्या टांगून गाण्याची खोली झाली. मेणाच्या तबकडीवर सुई चालू झाली की तीन मिनिटांत सगळं उरकायचं. चूक झाली की तबकडी वाया. त्रिशला उभी राहिली आणि तिला एक ओळ आठवेना. ही गाणी तिनं जन्मात कधी पाळणा न हलवता म्हटली नव्हती. पाळणा आणला. तो कुरकुरायला लागला. मुंबईचे यंत्रवाले म्हणाले हा आवाज चालायचा नाही. हंबीररावांनी कडीला तेल घातलं. कुरकुर थांबली, आणि त्याबरोबर चंदा जागी होऊन असा सूर लावती झाली की मेणावर नुसती तीच उमटली. अखेर तेल पुसून काढलं, कडीला थोडी राख लावली, पाळणा पूर्ववत कुरकुरला, पोर झोपली, आई गायली. ती कुरकुर सहाही बाजूंना आहे. पुढं जाणकार लोक तिला ठेका म्हणू लागले.

बाठीची ओळ आली तेव्हा यंत्रवाले तोंडावर हात धरून थरथरले, आणि नंतर म्हणाले, बाई, तेवढी कल्पना म्हणजे कळस आहे. त्रिशला लाजली. तिला वाटलं, यमक.

त्रिशलेला एकच भीती होती, ती सासूबाईंची. अंबूबाई सांगलीला एकट्या घर आणि जमीन सांभाळून होत्या. तरुणपणी वैधव्य आलं तेव्हा त्यांनी अनंतव्रत धरलं होतं, चौदा वर्षांचं. ते या भाद्रपदात पुरं होत होतं. उद्यापनाला बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिराशी बांधलेल्या घरांतल्या, सगळ्या बायका त्यांच्याकडं जेवणार होत्या. जेवल्या तर व्रताची सांगता. तिथं जेवून हात धुवायला कुणी तयार झालं नाही, तर चौदा वर्षं अधांतरी. अल्बमचं त्यांना काही कळवलं नव्हतं. उद्यापन पार पडू दे, मग त्यांच्या पायाशी बसून सांगू, असं त्रिशलेनं ठरवलं होतं. त्यात सांगलीला निघायच्या नेमक्या आदल्या दिवशी तबकड्या हातात आल्या. पुठ्ठ्यावर मुंबईच्या चित्रकारानं एक रडणारी बाई काढली होती, आणि तिच्या मांडीवर पोर असावं तसा एक भलाथोरला कांदा. त्रिशलेनं तो अल्बम चंदाच्या दुपट्यात गुंडाळला आणि त्यावर चंदाला ठेवलं.

हंबीररावही फोनोची पेटी घेऊन बरोबर निघाले. सांगलीच्या दुकानदारांना माल ऐकवायचा होता. सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. चढ लागला की उतारूंनी उतरून ढकलायची. कऱ्हाडच्या पुढं धन्यकुमारांचं धोतर कोळशाच्या रंगाचं झालं. तरी इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो सांगलीच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर.

नाक्यावरच्या कारकुनानं दुपट्यातून अल्बम काढला आणि तो विचारात पडला. ताटल्या म्हणाव्यात तर भांड्यांचा दर, पुस्तक म्हणावं तर पुस्तकांचा दर, वाद्य म्हणावं तर हे वाजत नव्हतं. धन्यकुमारांना त्याची अडचण मनापासून पटली. दोघं मिळून दरपत्रक वाचू लागले. मोटारवाला भोंगा वाजवून थकला. एवढ्यात कारकून म्हणाला, धार्मिक असेल तर माफ आहे. धन्यकुमार खरं बोलायला तोंड उघडणार तोच हंबीरराव म्हणाले, "भजनंच हायेत, सायेब."

कारकुनानं हात जोडले, आणि एखादं ऐकवा म्हणाला.

वरची तबकडी कांद्याची होती. पेटी उघडली, चावी दिली. गाडीवान जमले, हळदीची पोती घेऊन निघालेले हमाल जमले, मोटारीतले उतारू खाली आले. कारकून पहिल्या ओळीला डोळे मिटून डोलला, दुसऱ्या ओळीला त्यानं एक डोळा उघडला. आणि बाठी आली तेव्हा जे हसू उठलं त्यानं बैल बुजले. एक हमाल तर पोत्यावरून खाली आला.

त्रिशला चंदाला छातीशी धरून उभी होती. बाकीच्या ओळींना लोक हसले असते तर तिला आनंद होता. त्या हसायलाच लिहिल्या होत्या. ही एकच ओळ तिनं गंभीरपणानं लिहिली होती. तिनं हंबीररावांना हळूच विचारलं, यात एवढं काय आहे? हंबीररावांनी तिच्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं पाहिलं, आणि बोलले, "वैनी, मला वाटलं तुमी मुद्दाम लिवलंय. कांद्यात बाठी नसती वं."

"मग काय असतं?"

"काय न्हाई. सालं संपली की कांदा संपला."

तिला ते खरंच वाटेना. मग एवढी सालं कशाला, असं तिनं विचारलं. हंबीरराव पेटी आवरायला लागले; त्याचं उत्तर तसं कुणाकडंच नाही. तिचे कान तापले. सहा बाजू, मेण, गोधड्या, सगळ्या मुलखाला ऐकू जाणारा आपला आवाज, आणि त्यात ही बाठी. जकातीत माफी मिळाली नाही. कारकुनानं 'इतर जिन्नस' म्हणून आकारणी केली.

त्या हमालांतले दोघे आप्पासोंच्या पेढीवरचे होते. आप्पासो म्हणजे हळदीचे व्यापारी आणि बस्तीच्या कमिटीचे पुढारी. मोटार पुन्हा पेटून निघेपर्यंत हमाल पायी गावात पोचले. अंबूबाईंची सून कांद्याची गाणी गाते, इथं बातमी सुरू झाली; पेठेत ती कांदा खाते अशी झाली; बस्तीशी येईतो ती साताऱ्याला कांद्याशिवाय जेवतच नाही, आणि आत्ता सासूच्या स्वयंपाकघरात शिरली आहे, अशी झाली. टांगा दाराशी थांबला तेव्हा अंबूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी पुढं होऊन चंदाला घेतलं. दुपट्यातून पुठ्ठा खाली घसरला, चित्राची बाजू वर. अंबूबाईंनी त्या बाईकडं पाहिलं, मांडीवरच्या कांद्याकडं पाहिलं, आणि म्हणाल्या, "पाय धुवून घ्या. उद्या लवकर उठायचंय."

एवढंच. त्रिशलेला वाटलं, यापेक्षा चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरण शिजलं, कटाची आमटी झाली, भात झाला. पाण्यात पाय पडू नये तशी त्रिशला स्वयंपाकघराच्या कडेकडेनं वावरत होती. तिसऱ्या प्रहरी बायका आल्या, चटयांवर बसल्या, आणि बसूनच राहिल्या. पानं मांडा असं कुणी म्हणेना. बाहेर सोप्यावर पुरुष बसले होते, आणि आप्पासो घसा साफ करत होते. सूर्य मावळायच्या आत जेवण झालं नाही तर त्या दिवशी कुणीच जेवणार नव्हतं. रांधलेलं रांधलेलं राहणार, आणि उद्यापन बुडणार. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तसं आप्पासोंनी तोंड उघडलं. शांतपणानं, थोरपणानं ते म्हणाले, की अंबूबाईंच्या आचाराविषयी कुणाला शंका नाही, पण सुनेच्या तोंडून जे बाहेर आलं ते पोटात गेल्याशिवाय येईल कसं, अशी लोकांत चर्चा आहे. कारण वर्णन, म्हणे, फार बारकाईचं आहे.

त्रिशलेनं मधल्या दारातून नवऱ्याकडं पाहिलं. धन्यकुमार उभे राहिले, आणि सगळं परवानगीनिशी झालं आहे असं म्हणाले. ते कुणी ऐकलं नाही. तिला चंदाला घेऊन मागच्या दारानं निघून जावंसं वाटलं. तिच्यापायी त्या बाईची चौदा वर्षं वाया चालली होती.

अंबूबाईंनी हात पुसले. हंबीररावांना पेटी आत आणायला सांगितली, आणि सोप्याच्या दारात, दोन्हीकडं ऐकू जाईल अशी ठेववली. म्हणाल्या, आपण चर्चा कशाला करायची, ऐकूनच घेऊ.

पाळण्याची कुरकुर सुरू झाली, गाणं सुरू झालं. बायका मान खाली घालून ऐकत होत्या. आणि बाठी आली. सोप्यावरून हसण्याचा जो एक स्फोट झाला त्यात सर्वांत वरचा आवाज आप्पासोंचा होता. आत दोघीतिघींनी तोंडात पदर कोंबले. अंबूबाईंनी बोट वर केलं. हंबीररावांनी सुई उचलली.

"आप्पासो," अंबूबाई म्हणाल्या, "हसलासा का?"

आप्पासो अजून हसू पुसत होते. "न्हाई, अक्का, ते आपलं... बाठी म्हणजे..."

"मग? काय चुकलं? बाठी न्हाई तर काय असतंय त्यात?"

आप्पासोंचा हात मिशीवर गेला आणि तिथंच राहिला. सोप्यावर इतकं शांत झालं की आतली आमटी उकळलेली ऐकू आली. ज्याला ठाऊक होतं त्याला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नव्हतं म्हणजे ठाऊक होतं, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. धन्यकुमारांनासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं कधी.

"मला काय ठावं, अक्का," आप्पासो म्हणाले.

"व्हय की. तुमाला कसं ठावं असंल?" अंबूबाई आतल्या बाजूला वळल्या. "बायांनो, कुणाला ठावं असंल तर सांगा. माझ्या सुनंचं चुकलं असंल तर कंपनीला कळवून दुरुस्त करून घेऊ."

कुणाच्याच मते काही चुकलं नव्हतं. एक म्हातारी, जिला खरोखरच ठाऊक नव्हतं, म्हणाली की बाठीच असणार, एवढं फळ देव पोकळ कशाला करील. सगळ्यांनी घाईघाईनं माना डोलावल्या. त्या घटकेपासून त्या बस्तीपुरती कांद्याला बाठी आहे. मग आप्पासोंच्या बायकोनंच पदर खोचला आणि म्हणाली, "पानं मांडा ग, दिस चाललाय."

त्रिशलेनं त्या दिवशी वाढलं तसं आयुष्यात कधी वाढलं नव्हतं. सोप्यावर आप्पासोंना तिनं पुरणपोळी आग्रहानं वाढली, आणि त्यांनी ती मान वर न करता खाल्ली. भिंतीवरचं ऊन कौलांवर गेलं, कौलांवरून उडालं, तेव्हा शेवटच्या बाईनं हात धुतले होते.

सगळे गेल्यावर अंबूबाई उंबऱ्याशी टेकल्या. चंदा त्यांच्या मांडीवर, न गाता, नुसती झोपली होती. त्रिशला त्यांच्या पायाशी बसली. आता खरं सांगायलाच हवं होतं. ती म्हणाली, "आत्याबाई, कांद्यात बाठी नसते. मला नाक्यावर कळलं."

"ठावं हाय," अंबूबाई म्हणाल्या.

"ते कसं?" त्रिशलेनं विचारलं.

"तुझे सासरे गेल्यावर वाटेकऱ्यानं एक साल रानात कांदा लावलावता. काढणीला फावडं बसून किती तुटतात. शेतकऱ्याची बाय मी, डोळं मिटून रानात जाऊ व्हय?" त्या हसल्या. "बघितलंय म्हणायला काय पाप होतं? आप्पासोला येवढं म्हणता आलं असतं. पण खाल्लेल्या माणसाला बघितल्याचं सुचत न्हाई."

त्रिशलेला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. चौदा वर्षांची पुंजी सासूबाईंनी तिच्या एका चुकीच्या ओळीवर लावली होती, आणि तोंडावरची रेघ हलू दिली नव्हती. ती काही बोलणार होती, पण अंबूबाईंनी तिला बोलू दिलं नाही. त्यांना भलतंच कोडं पडलं होतं. "पर मला सांग, चाळीत ऱ्हातीस, शेजार मराठ्यांचा. येवढ्या दिसांत चिरलेला कांदा तुज्या नदरंला पडला न्हाई, हे कसं?"

मग त्रिशलेनं राहीबाईंचं सांगितलं. भिंतीकडं तोंड करून बसतात ते, ओच्यात सालपटं घेऊन ओढ्यापर्यंत जातात ते, आणि पोस्टमन पुढं गेला की कांदा चिरतात तेही.

अंबूबाईंनी चंदाच्या जावळातून एकदा बोटं फिरवली. मग पोरीला सुनेच्या मांडीवर देऊन त्या उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा त्रिशलेला वाटलं झाकपाक करत असतील. त्या आल्या त्या पितळेचा मोठा डबा घेऊन. आत पुरणपोळ्या होत्या, एकेकीमध्ये केळीचं पान घातलेलं. त्यांनी झाकण दाबून बसवलं आणि वरून फडकं बांधलं, गाठ दोनदा ओढून.

"उद्या सकाळच्या मोटारीनं ह्यो धाडायचा," त्या म्हणाल्या. "तिला म्हणावं, पंगतीतलं पयलं पान तुजंच हुतं. सातारा लांब, म्हणून वाढायला उशीर झाला."